निकाल कोणाचा आणि जाब कोणाला?

प्राथमिक शिक्षणाविषयी आज जी चर्चा चालते तिच्यात 'उत्तरदायित्व' हा शब्द फार वेळा येतो. शासकीय परिपत्रकात तो असतो, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखात असतो, शिक्षणतज्ज्ञांच्या परिसंवादात असतो. शब्द भारदस्त असल्यामुळे त्याचा अर्थ विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. आपल्या वस्तीतल्या माणसाला कळणारा त्याचा अर्थ 'जाब' असा आहे. आणि जाब म्हटले की लगेच तीन प्रश्न उभे राहतात: जाब विचारणार कोण, द्यायचा कोणी, आणि तो कशाबद्दल? मुले शिकली की नाहीत याचा जाब शाळेला विचारला पाहिजे, एवढ्यावर सर्वांचे एकमत दिसते. पण वरील तीन प्रश्नांची उत्तरे काढू गेले की हे एकमत फुटते, आणि ते नेमके जातीच्या रेषेवर फुटते, असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखात मला तेच मांडायचे आहे.

या प्रश्नावर आपल्या चळवळीतही दोन टोकाच्या भूमिका दिसतात. एक भूमिका अशी की, परीक्षा, चाचण्या, टक्केवारी ही सारी प्रस्थापितांची मापे आहेत. ती आमच्या मुलांना नापास ठरविण्यासाठीच बनविलेली आहेत. म्हणून मोजणीलाच नकार द्यावा. दुसरी भूमिका याच्या उलट. पहिलीपासून आठवीपर्यंत मुलाला नापास करायचे नाही, या धोरणाने आमच्या मुलांचे वाटोळे केले. मास्तर शिकवीत नाहीत, मुले नुसती वरच्या वर्गात ढकलली जातात. म्हणून कडक परीक्षा घ्या, मास्तरांचा पगार निकालाशी बांधा, म्हणजे सारे वठणीवर येतील. पहिली भूमिका ऐकायला जहाल वाटते. पण जो मास्तर आमच्या वस्तीतल्या मुलांकडे पाहतही नाही त्याला ती फार सोयीची आहे. दुसरी भूमिका पोटतिडकीतून आलेली आहे, हे मी मान्य करतो. पण तिने सुचविलेला उपाय दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिलेला आहे, आणि त्याची फळे कोणाच्या वाट्याला आली हे नोंदलेले आहे. म्हणून आधी त्या इतिहासाकडे वळू.

इंग्लंडमध्ये १८६२ साली 'सुधारित संहिता' लागू झाली. रॉबर्ट लो हे तिचे कर्ते. शिक्षणावरचा सरकारी खर्च वाढत चालला होता आणि त्या पैशांतून मुले काय शिकतात हे कळत नाही, अशी तक्रार होती. लो यांनी तोडगा काढला तो बाजारातला होता. वर्षातून एकदा निरीक्षक शाळेत येईल आणि प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घेईल. मूल हजेरीत असेल तर ४ शिलिंग अनुदान, आणि तीनही विषयांत उत्तीर्ण झाले तर आणखी ८ शिलिंग. ज्या विषयात ते नापास होईल त्या विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. लो यांचा युक्तिवाद असा होता की, ही पद्धत स्वस्त पडली नाही तर परिणामकारक ठरेल आणि परिणामकारक ठरली नाही तर निदान स्वस्त तरी पडेल. या वाक्यामागचे मन ओळखले पाहिजे. गरिबाच्या मुलाचे शिक्षण फसले तरी सरकारचे काही बिघडत नाही, उलट पैसे वाचतात, असा तो सरळ हिशेब होता.

पुढे काय झाले ते इंग्लंडमधल्याच निरीक्षकांनी लिहून ठेवले आहे. मॅथ्यू आर्नल्ड हा इंग्रजी साहित्यातला मोठा कवी व समीक्षक पोटासाठी शाळांचा निरीक्षक होता. या पद्धतीने शिक्षण यांत्रिक झाले आहे, अशी टीका त्याने आपल्या अहवालांतून सतत केली. परीक्षेचे पुस्तक मुले घोकून पाठ करीत. निरीक्षकासमोर ती धडाधडा 'वाचत', पण वाचलेल्याचा अर्थ त्यांना ठाऊक नसे. ज्या विषयाला पैसे नव्हते तो विषय शाळेतून हळूहळू हद्दपार झाला. तीस-पस्तीस वर्षे हा खेळ चालला आणि १८९० च्या दशकात इंग्लंडने तो मोडीत काढला.

निकालावर अनुदान देण्याचे हे तत्त्व आपल्याकडेही आले. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते अनुदानित शाळांना लागू होते. आणि या तत्त्वाला आपल्या समाजाच्या बाजूने पहिला स्पष्ट नकार दिला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले ते आपण सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीसाठी नेहमी आठवतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपल्या भाषणांत असते. पण त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा आहे आणि त्याच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. निकालावर पैसे देण्याची पद्धत गरीब व अज्ञानात ठेवलेल्या लोकांमध्ये शिक्षणाचा प्रसार करण्यास मुळीच योग्य नाही, असे जोतीराव तिथे सांगतात. या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही. मग निकालावर पोट भरायचे असेल तर अशा लोकांत शाळा काढायला कोणता मास्तर तयार होईल, असा त्यांचा सवाल आहे.

या सवालात जी समज आहे ती आजच्या कित्येक तज्ज्ञांपाशी नाही. निकालावर पैसा देणारी व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरते: सर्व मुले एकाच रेषेवर उभी आहेत आणि कोण पुढे गेले एवढेच पाहायचे आहे. जोतीराव ती रेषाच नाकारतात. शेतकऱ्याची पोरे गुरांमागे आहेत, शेतात आहेत. महार-मांगांच्या पोरांना इतरांच्या शेजारी बसू दिले जात नाही. अशा वेळी निकालावर पैसे दिले की पैसा आपोआप तिथे जातो जिथे निकाल आधीच तयार असतो, म्हणजे ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या अक्षर आहे त्यांच्याकडे. जातीचे नावही न घेता जातीचे काम करणारी ही व्यवस्था होती. आयोगाने मात्र प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी निकालाचेच तत्त्व पुढे चालवावे, अशी शिफारस केली. जोतीरावांचे म्हणणे कागदावर राहिले.

परंतु जोतीरावांना हिशेबच नको होता असे कोणी समजू नये. त्या निवेदनाचा सारा रोख हिशेबावर आहे. रयतेच्या घामातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो, हा त्यांचा पहिला जाब आहे आणि तो सरकारला आहे. मास्तराला पगार किती मिळावा, तो कोणत्या समाजातून यावा, खेड्यातल्या मुलाला मोडी, बालबोध, हिशेब, शेतीची माहिती यांतले काय शिकवावे, गरिबाच्या पोराला शाळेत टिकवण्यासाठी बक्षिसे व शिष्यवृत्त्या कशा द्याव्यात, हे सारे ते तपशिलाने मांडतात. त्यांनी मोजणी नाकारलेली नाही. जाबाची दिशा तेवढी त्यांनी उलटी केली. खालच्याने वरच्याला उत्तर द्यायचे, ही रीत मोडून वरच्याने खालच्याला उत्तर द्यावे, अशी त्यांची मागणी आहे.

हीच दिशा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतली आणि तिला आकड्यांची धार लावली. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी जे केले ते आपल्या शिक्षक-कार्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत परत जातात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. सरकार दरडोई १४ आणे शिक्षणावर खर्च करते आणि त्याच जनतेकडून दारूच्या अबकारीतून त्याच्या दुपटीहून अधिक वसूल करते, हे दाखवून, निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी मागणी केली. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी इलाख्याची सरासरी फोडली. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे ११९ विद्यार्थी, मुसलमानांचे ९२, मध्यम वर्गाचे ३८ आणि मागासवर्गाचे अवघे १८. लोकसंख्येत मागासवर्गाचा क्रम दुसरा, शिक्षणात शेवटचा.

इलाख्याचा एकच सरासरी आकडा सांगितला असता तर सरकारला प्रगती दाखवता आली असती. सरासरी ही फार सभ्य गोष्ट आहे. ती कोणाला शिवीगाळ करीत नाही, कोणाला वेगळे बसवीत नाही. ती फक्त ११९ आणि १८ यांना एकाच ओळीत उभे करून एक मधला आकडा काढते आणि १८ चे दुःख त्या आकड्यात पुरून टाकते. बाबासाहेबांनी ते उकरून काढले. शिक्षणाच्या जाबाविषयी आपली जी परंपरा आहे तिचे हे दोन आधार मी मानतो: निकालावर पैसा बांधू नका हे जोतीरावांचे म्हणणे, आणि सरासरी फोडून दाखवा हा बाबासाहेबांचा परिपाठ.

ही दोन तत्त्वे एकाच कायद्यात एकमेकांशी भिडलेली पाहायची असतील तर अमेरिकेकडे पाहावे लागते. काळ्या साहित्याशी आणि काळ्यांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे; 'दलित पँथर' हे नावच त्या नात्याची साक्ष देते. पण त्यांच्या कवितेइतके त्यांच्या शाळेकडे आपले लक्ष गेलेले नाही. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा झाला. एकही मूल मागे राहू नये, असा त्याच्या नावाचा अर्थ. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन व गणितात परीक्षा; २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले ठरलेल्या पातळीवर आली पाहिजेत, असे उद्दिष्ट; आणि जी सरकारी मदत घेणारी शाळा वर्षानुवर्षे मागे राहील तिच्यावर चढत्या क्रमाने कारवाई, पार कर्मचारी बदलण्यापर्यंत किंवा शाळेची फेररचना करण्यापर्यंत.

या कायद्यात लो यांचे भूत होते हे उघड आहे. आणि त्या भुताने जुनेच खेळ केले. ज्या विषयांची परीक्षा नव्हती ते विषय वेळापत्रकातून आक्रसले. शिक्षकांचे लक्ष काठावरच्या मुलांवर गेले, कारण थोडे ढकलले की ती उत्तीर्ण होऊन शाळेचा आकडा वाढतो; जे फार मागे आहे ते मूल हिशेबाला निरुपयोगी ठरले. अटलांटा शहरात तर शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून बरोबर उत्तरे भरली. २०११ सालच्या सरकारी चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे आली आणि २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. ही शाळा-व्यवस्था बहुतांशी काळ्या मुलांची होती. खोट्या गुणांनी त्या मुलांना काय मिळाले? वाचता येत नसताना 'वाचता येते' असे त्यांच्या कागदावर आले, आणि ज्या जादा मदतीवर त्यांचा हक्क होता तीही गेली.

पण याच कायद्याची दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या लोकांनी नीट समजून घेतली पाहिजे. त्याने शाळेला सरासरीच्या आड लपू दिले नाही. शाळेचा एकूण निकाल कितीही चांगला असो, काळी मुले, स्पॅनिश भाषक मुले, गरीब घरातली मुले, अपंग मुले, घरी इंग्रजी न बोलणारी मुले अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा जाहीर करावा लागे, आणि त्यांतला एक गट मागे राहिला तरी ती शाळा मागे राहिली असे धरले जाई. शिवाय परीक्षेच्या दिवशी प्रत्येक गटातली निदान ९५ टक्के मुले हजर असलीच पाहिजेत अशी अट होती, म्हणजे 'कच्च्या' मुलाला त्या दिवशी घरी बसवून निकाल उजळता येऊ नये. पळवाटा निघाल्या, हे खरे. गट फार लहान असेल तर मोजायचा नाही, असे म्हणून कित्येक राज्यांनी ३० किंवा ४० मुलांखालचे गट हिशेबातून वगळले. तरीही वरवर उत्तम दिसणाऱ्या शाळेत काळ्या मुलाचे काय होते, हे पहिल्यांदाच देशभर शाळाशाळांतून कागदावर आले.

म्हणूनच २०१५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा येत असताना एक लक्षणीय गोष्ट घडली. परीक्षांचा अतिरेक बंद करा, असे सुस्थितीतले पालक आणि शिक्षकांच्या संघटना म्हणत होत्या. परंतु नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अनेक संघटनांनी, त्यांत काळ्यांच्या जुन्या संघटनाही होत्या, ठामपणे सांगितले की वार्षिक मोजणी आणि गटवार निकाल काढून टाकू नका. आमची मुले मोजली गेली नाहीत तर ती नाहीतच असे धरले जाईल, असा त्या म्हणण्याचा आशय होता. नव्या कायद्यात शिक्षेचा जाच सैल झाला, पण गटवार निकाल राहिला. मोजणीला सरसकट नकार देणाऱ्या आपल्या मित्रांनी या भूमिकेवर विचार करावा.

आता आपल्याकडे येऊ. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत आयुष्य घालविलेला माणूस आहे. पूर्वी 'दिपोटी' येणार म्हटले की गावची शाळा सारवून निघे. हुशार मुले पहिल्या रांगेत येत आणि आमच्या वस्तीतली मुले, जी एरवी मागे असत, ती त्या दिवशी आणखी मागे जात किंवा गुरे राखायला पाठविली जात. साहेब शेरेबुकात 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारून जात. दिपोटी गेले, त्यांच्या जागी विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आले, आता संगणकावरची माहितीप्रणाली आली. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला, पायाभूत चाचण्या आल्या, शाळा 'प्रगत' झाल्याच्या घोषणा आल्या. या कार्यक्रमात काही शिक्षकांनी मनापासून काम केले आणि मुलांना वाचते केले, हे मी पाहिले आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण मोजणीचा साचा जुनाच राहिला. शाळेचा एक आकडा, केंद्राचा एक आकडा, तालुक्याचा एक आकडा.

एका वर्षीच्या चाचणीची गोष्ट सांगतो. ज्या शाळेत मी होतो तिथे त्या दिवशी सात मुले गैरहजर होती. त्यांतली पाच आमच्या आणि मातंग वस्तीतली. त्यांचे आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर गेले होते आणि पोरेही त्यांच्याबरोबर बैलगाडीत. दिवाळीनंतर गेलेली ही मुले उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. शाळेचा निकाल निघाला तो हजर मुलांवर, आणि तो चांगला निघाला. वरिष्ठांनी अभिनंदन केले. मी विचारले, या पाच जणांचा निकाल कोणता? उत्तर मिळाले, ती हजर नव्हती, त्यामुळे ती धरलेली नाहीत. कोणी खोटे बोलले नव्हते. कागद बरोबर होता. साच्यात त्या मुलांना जागाच नव्हती, एवढेच. ९५ टक्के हजेरीची अट त्या चाचणीला असती तर आमच्या शाळेला निकालच मिळाला नसता, आणि मग त्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह का नाही, असा प्रश्न वरपर्यंत गेला असता.

आणखी एक विसंगती पाहा. आमच्या मुलाची जात शाळेला माहीत नाही असे नाही. दाखल्यावर ती आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जावर आहे, दरवर्षी शासनाला जाणाऱ्या पटसंख्येच्या माहितीत सामाजिक प्रवर्गाचा रकाना आहे. म्हणजे किती दलित मुले शाळेत आली हे मोजले जाते. त्यांतली किती वाचायला शिकली, हे मात्र त्या शाळेला कोणी त्याच रकान्यात विचारीत नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात सामाजिक गटांनुसार आकडे असतात. पण तो नमुना-पाहणीचा प्रकार आहे, तो राज्याचे आणि जिल्ह्याचे चित्र देतो. त्या आकड्याला उत्तर देणारी शाळा नसते, अधिकारी नसतो. आकडा छापला जातो आणि कपाटात जातो.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम मी एक संहिता म्हणून वाचतो, जसे आपण एखादे पुस्तक वाचतो. त्यात कलम ८ व ९ मध्ये शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत: शाळा द्यायची, शिक्षक द्यायचे, इमारत व साहित्य द्यायचे, वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होऊ द्यायचा नाही, चांगल्या दर्जाचे शिक्षण द्यायचे. शिक्षकाची कर्तव्ये त्यानंतर पुष्कळ पुढे, कलम २४ मध्ये येतात. परंतु कसूर करणाऱ्या शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होईल असे कलम २४ बजावते. कलम ८ व ९ मध्ये कसूर करणाऱ्या शासनाचे काय करायचे, ते त्या कलमांत लिहिलेले नाही. कर्तव्यांची यादी वरून सुरू होते आणि शिक्षा खालून. संहितेची ही रचनाच आपल्या समाजव्यवस्थेची रचना आहे.

आणि आता शिक्षा आणखी एक पायरी खाली उतरली आहे. २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसा नियम केला. पुनर्परीक्षेची सोय आहे, हे खरे. पण तत्त्व काय ठरले? पाच वर्षे शाळेने शिकविले नाही, अधिकाऱ्याने पाहिले नाही, शासनाने शिक्षक दिला नाही. आणि याचा दंड भरायचा अकरा वर्षांच्या पोराने, वर्ष गमावून. आपल्या घरात नापास झालेले पोर शाळेत परत जात नाही, ते कामाला जाते. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसते. ढकलपास धोरणाने नुकसान झाले, हे म्हणणाऱ्या बंधूंना मी एवढेच विचारतो: दोष मुलाला वर ढकलण्यात होता की त्याच्यावर न शिकविता ते ढकलण्यात? न शिकविणाऱ्याला हात न लावता मुलाला खाली खेचले तर जाब कोणी दिला?

इथे आपल्या साहित्याचा एक मुद्दा मला मांडायचा आहे. दया पवारांचे 'बलुतं', प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी', लक्ष्मण माने यांचे 'उपरा', शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही आत्मकथने १९७८ ते १९८७ या दहा वर्षांतली. मराठी समीक्षेने त्यांच्याकडे दुःखाची, भोगाची, अनुभवाच्या अस्सलपणाची कहाणी म्हणून पाहिले. कोणी भाषा तपासली, कोणी घाट तपासला. पण या पुस्तकांतून शाळा पुन्हा पुन्हा येते, तिच्याकडे शाळेचा तपासणी अहवाल म्हणून कोणी पाहिले का? मूल कुठे बसले, कोणी हाक मारली, कोणत्या नावाने मारली, भुकेल्या पोटी ते काय शिकले, बापाच्या भटकंतीत त्याचे वर्ष कसे मोडले, आणि एखाद्याच मास्तराच्या माणुसकीने ते कसे तगले, हे सारे त्यांत आहे. दिपोटींच्या शेरेबुकात यातले एक अक्षर नाही. तपासणाऱ्याने लिहिलेले शेरे कपाटात आहेत; ज्याच्यावर शाळा गुजरली त्याने लिहिलेले शेरे म्हणजे ही आत्मकथने आहेत. ती अपवादाने शिकलेल्यांची आहेत, हेही विसरू नये. बाबासाहेबांच्या हिशेबातल्या ८२ जणांनी पुस्तके लिहिलेली नाहीत.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, जातवार निकाल काढला तर 'ही मुले कच्चीच' असा शिक्का बसेल. भीती खोटी नाही. पण शिक्का आजही आहेच. तो शिक्षकांच्या खोलीत बोलण्यातून बसतो आणि त्याला पुरावा लागत नाही. आकडा जाहीर झाला तर एवढे तरी विचारता येते की, शेजारच्या केंद्रात याच वस्तीची मुले वाचतात, मग तुमच्याकडे का नाहीत? शाळेत आमची चारच मुले असतील तर त्यांची नावे ओळखू येतील. म्हणून आकडा केंद्राच्या पातळीवर जाहीर करावा आणि प्रत्येक मुलाची प्रगती फक्त त्याच्या आईबापांना, त्यांना कळेल अशा भाषेत सांगावी.

दुसरा आक्षेप, आकडे मागितले की खोटे आकडे येतील. येतात. पटावर अनुदान होते तोवर पट फुगत होता. २०११ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात एकाच वेळी पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लावली, तेव्हा पटावरची लाखो नावे हवेत असल्याचे उघड झाले. अटलांटाने हेच दाखविले आणि लो यांच्या इंग्लंडनेही. आकड्याला पैसा किंवा शिक्षा टांगली की आकडा खोटा बोलू लागतो. म्हणून निकालावर पगार, बक्षीस, बदली किंवा शाळा बंद करणे यांतले काहीही बांधू नये. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा आकड्याचा उपयोग कसा होतो हे आपण पाहिलेच आहे. तांड्यावरची, पाड्यावरची, वस्तीची शाळा अशा आकड्यात सर्वांत आधी सापडते.

मग जाब कसा घ्यायचा? आपल्या कार्यकर्त्यांनी हाती घ्यावा असा मार्ग कायद्यातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत आणि वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणशीर जागा असाव्यात, असे कलम २१ सांगते. बहुतेक गावांत ही समिती पाटलाच्या ओसरीवर सह्यांपुरती असते. तिची एक बैठक तरी वर्षातून दोनदा आमच्या वस्तीत, समाजमंदिरात भरावी आणि तिथे दोन हिशेब मोठ्याने वाचून दाखवावेत. पहिला हिशेब वरचा: वर्षात किती दिवस शिक्षकाची जागा रिकामी होती, किती दिवस शिक्षकाला शाळाबाह्य कामाला नेले, खोली, पाणी, शौचालय, पुस्तके कधी मिळाली, स्थलांतरित मुलांसाठी काय केले. हा हिशेब गटशिक्षणाधिकाऱ्याने द्यावा. दुसरा हिशेब शाळेचा: पटावरच्या प्रत्येक मुलाचा, हजर असो वा फडावर असो, कोण वाचते, कोण वाचत नाही, आणि जे वाचत नाही त्याच्यासाठी येत्या तीन महिन्यांत काय करणार. पहिला हिशेब मिळाल्याशिवाय दुसरा मागू नये आणि पहिला मिळाला की दुसरा मागितल्याशिवाय सोडू नये.

यात आपल्यातल्या शिक्षकांवर विशेष जबाबदारी येते. राखीव जागांवर नोकरीला लागलेले आपले हजारो शिक्षक आज जिल्हा परिषदांच्या शाळांत आहेत. संघटनेच्या मोर्चात ते वेतनासाठी जातात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून वस्तीतल्या मुलाला 'घरचे वातावरण नाही' असे म्हणणारा दलित शिक्षक मी पाहिला आहे. हे वाक्य ज्यांच्या तोंडून आपण पिढ्यानपिढ्या ऐकले, त्यांचेच ते आहे. घरचे वातावरण नाही म्हणूनच तर शाळा हवी, हे जोतीरावांनी १८८२ मध्ये सांगितले होते. विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांनी आपापल्या गावापासून आरंभ करावा: येत्या बैठकीची तारीख विचारावी, पट मागावा, आणि फडावर गेलेल्या मुलांची नावे त्यात आहेत की नाहीत ते आधी पाहावे.